परवानग्यांची यादी तपासणारे ‘आयकॅकल्स’ : एका पतसंस्थेच्या सर्व्हरवरून केलेले परीक्षण

विंडोजच्या प्रत्येक संगणकात आधीपासून असलेल्या, वेगळे पैसे मोजावे न लागणाऱ्या आणि बहुधा त्यामुळेच फारसे कोणी न वापरणाऱ्या एका साधनाचे हे परीक्षण आहे. त्याचे नाव आयकॅकल्स. फाइली आणि फोल्डर यांवरील परवानग्यांची यादी, म्हणजे ज्याला संगणकाच्या भाषेत ॲक्सेस कंट्रोल लिस्ट म्हणतात ती, पाहणे, बदलणे, जपून ठेवणे आणि तपासणे ही चारही कामे ते करते. पहिल्या तीन कामांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चौथ्या कामासाठी त्यात ‘व्हेरिफाय’ नावाचा एक पर्याय आहे, त्याच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेल्या मार्चमध्ये तो मला प्रथमच गांभीर्याने वापरावा लागला. तेव्हापासून तो माझ्या नेहमीच्या कामात आला असला, तरी त्याच्याविषयी माझ्या मनात काही गैरसमज होते आणि ते दूर व्हायला थोडी किंमत मोजावी लागली. गुणच द्यायचे झाले तर पाचपैकी साडेतीन देईन. उरलेले दीड कुठे गेले ते पुढे येईलच.

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मुख्यालय असलेल्या एका सहकारी पतसंस्थेचा फाइल सर्व्हर माझ्या देखभालीखाली आहे. त्यावर कर्जप्रकरणांचे स्कॅन, जामीनदारांचे कागद, गहाणखते, सातबारा उतारे, संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते आणि दरवर्षीचे दोषदुरुस्ती अहवाल असा सगळा ऐवज आहे. कर्मचारी मोजके, शाखा मोजक्या, पण कागद अफाट. कोणी काय वाचावे, कोणी त्यात भर घालावी आणि कोणी त्याला हातही लावू नये, हे ठरवणाऱ्या परवानग्या त्या सर्व्हरवर अनेक वर्षे, अनेकांच्या हातून, जशी गरज पडेल तशा दिल्या गेल्या होत्या. माझ्या आधी तिथे काम केलेल्यांना मी दोष देत नाही; मीही पहिली काही वर्षे तेच केले.

परवानग्यांची यादी म्हणजे काय, हे संस्थेतील मंडळींना मी सातबाराच्या उदाहरणाने समजावतो. प्रत्येक फाइलीचा जणू एक उतारा असतो. त्यावर मालकाचे नाव असते आणि खाली ‘इतर हक्क’ सदरात असावे तसे, कोणाला काय करता येईल याच्या एकाखाली एक नोंदी असतात. काही नोंदी परवानगी देणाऱ्या असतात, काही मनाई करणाऱ्या. काही त्या फाइलीवर थेट केलेल्या असतात, तर काही वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेल्या असतात. मात्र इथे उपमा एका ठिकाणी संपते. सातबारावर नोंद वर आहे की खाली, याने हक्क बदलत नाही. विंडोजच्या यादीत बदलतो.

हे नीट कळल्याशिवाय ‘व्हेरिफाय’चे महत्त्व ध्यानात येत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. एखाद्याने फाइल उघडायचा प्रयत्न केला की विंडोज त्या यादीतील नोंदी वरून खाली एकेक करून वाचते. मागितलेल्या सर्व परवानग्या मिळाल्या की वाचन तिथेच थांबते आणि दार उघडते. मागितलेल्यांपैकी एकाही गोष्टीला मनाई करणारी नोंद त्याआधी भेटली, तर वाचन तिथेच थांबते आणि दार बंद होते. शेवटपर्यंत वाचूनही काही मागणी अपुरी राहिली, तरीही दार बंदच. याचा अर्थ असा की मनाईची नोंद परवानगीच्या खाली बसली असेल, तर तिच्यापर्यंत वाचन पोहोचतच नाही. ती कागदावर दिसते, पण तिचा अंमल होत नाही. असे होऊ नये म्हणून नोंदींचा एक प्रमाण क्रम ठरलेला आहे. आधी थेट केलेल्या मनाया, मग थेट दिलेल्या परवानग्या, त्यानंतर वारशाने आलेल्या मनाया आणि शेवटी वारशाने आलेल्या परवानग्या. या क्रमाला ‘कॅनॉनिकल’ क्रम म्हणतात. विंडोजच्या सिक्युरिटी टॅबमधून (फाइलीच्या गुणधर्मांच्या खिडकीतील परवानग्यांचे पान) किंवा आयकॅकल्समधून केलेली नोंद आपोआप योग्य जागी बसते. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने खालच्या पातळीवरची फंक्शने वापरली, तर नोंद यादीच्या शेवटी चिकटवली जाते आणि क्रम सांभाळण्याची जबाबदारी त्या प्रोग्रामरवर राहते. ती प्रत्येक जण सांभाळतोच असे नाही.

आमच्या संस्थेत नेमके हेच झाले होते. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक प्रोग्रामरकडून एक लहानसे साधन लिहून घेतले होते. त्याचे काम एकच : आर्थिक वर्ष संपले, लेखापरीक्षण झाले, की त्या वर्षाचे फोल्डर गोठवायचे, म्हणजे सर्व कर्मचाऱ्यांच्या गटाला त्यात लिहिण्यास मनाई करायची. साधनाने २०१८-१९ च्या फोल्डरवर आणि त्यातील प्रत्येक फाइलीवर मनाईची नोंद इमानदारीने केली, पण ती यादीच्या तळाशी, वारशाने आलेल्या परवानग्यांच्याही खाली केली. परिणामी ते वर्ष गोठलेच नाही. कर्मचारी त्यात लिहीत राहिले, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुलीचे दाखले जुन्या कर्जप्रकरणांत घालत राहिले, आणि यात काही चुकते आहे असे कोणालाही वाटले नाही, कारण काम अडत नव्हते. आपल्याकडे काम अडले नाही तर कोणी कुलूप तपासत नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वसुली विभागातील लिपिकाचा फोन आला. “सर, अठरा-एकोणीसचं फोल्डर उघडालंय, पण त्यात काहीच सेव्ह होईना झालंय.” आज काही बदल केला का, असे मी विचारले. “काय नाही सर. एक मेसेज आलता, मी ओके केलं.” कसला मेसेज? “इंग्रजीत होता सर.”

तो संदेश कोणता असणार हे मला त्याच क्षणी उमगले, आणि पोटात गोळा आला. यादीचा क्रम बिघडलेल्या फोल्डरचा सिक्युरिटी टॅब उघडला की विंडोज सांगते, परवानग्यांचा क्रम चुकीचा आहे, त्यामुळे काही नोंदी निष्प्रभ ठरू शकतात. ओके केल्यास क्रम लावून देतो. सूचना अगदी प्रामाणिक आहे. पण तिच्यात एक गोष्ट ठळकपणे सांगितलेली नाही, ती अशी की क्रम लावणे म्हणजे केवळ मांडणी नीटनेटकी करणे नव्हे. आजवर निजलेली मनाई त्याने जागी होते. लिपिकाने ओके केले, मनाईची नोंद तळातून सर्वांत वर गेली, फोल्डरमधील सर्व फाइलींवर ती वारशाने उतरली, आणि ‘सर्व कर्मचारी’ या गटात व्यवस्थापक साहेबही असल्यामुळे त्यांनाही त्या वर्षात एक अक्षर लिहिता येईना. दुसऱ्या दिवशी लेखापरीक्षक यायचे होते. प्रोग्रामरचा हेतू बरोबर होता, लिपिकाची कृतीही तशी निर्दोष होती, विंडोजनेही नियमानेच काम केले. तरीही संस्था अडून बसली.

त्या रात्री मी तात्पुरती सोय करून दिली. आयकॅकल्सच्या ‘रिमूव्ह’ पर्यायाला केवळ मनायांपुरते मर्यादित करता येते. तसे करून त्या गटाची मनाई फोल्डरवरून आणि आतील सर्व फाइलींवरून काढून टाकली. पण मूळ प्रश्न वेगळाच होता. आणखी किती फोल्डरांवर अशी निजलेली मनाई आहे? आणखी कोणता लिपिक कोणत्या दिवशी ओके करणार आहे? हजारो फाइलींचे सिक्युरिटी टॅब हाताने उघडून पाहणे शक्य नव्हते, आणि पाहिले तरी उघडणे हाच तर धोका होता. ‘व्हेरिफाय’ कामाला आले ते इथे.

वापरायला ते सोपे आहे. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, प्रशासकाच्या अधिकाराने उघडायचा, आयकॅकल्स लिहून पुढे फोल्डरचा मार्ग द्यायचा, मग ‘व्हेरिफाय’ आणि एकेका अक्षराचे तीन पर्याय : आतील सर्व फोल्डरांत उतरण्यासाठी ‘टी’, मध्येच त्रुटी आली तरी न थांबण्यासाठी ‘सी’, आणि ज्या फाइली ठीक आहेत त्यांची नावे न छापण्यासाठी ‘क्यू’. शेवटचा पर्याय विसरलात तर पडद्यावर निर्दोष फाइलींच्या नावांचा असा लोंढा वाहतो की सदोष फाइलीचे नाव त्यात कुठे गेले हे कळत नाही. मी पहिल्यांदा तेच केले. दुसऱ्यांदा ‘क्यू’ लावले, तेव्हा पडदा बराच वेळ काळाच राहिला, कर्सर लुकलुकत राहिला, आणि मग अधूनमधून एकेक नाव उमटू लागले. २०१६-१७. २०१७-१८. मग एकदम २०१९-२०. ते साधन जिथे जिथे चालवले गेले होते, तिथल्या तिथल्या फाइली, अगदी वर्षाबरहुकूम. सर्वांत शेवटी नेहमीची ओळ आली : इतक्या फाइलींवर काम यशस्वी, इतक्यांवर अयशस्वी.

या अयशस्वीच्या आकड्याकडे मी आधी दुर्लक्ष केले, आणि ती माझी पहिली चूक होती. ‘व्हेरिफाय’मध्ये अयशस्वी म्हणजे सदोष नव्हे. अयशस्वी म्हणजे त्या फाइलीची यादी वाचताच आली नाही, म्हणून तपासणी झालीच नाही. आमच्याकडे तो आकडा ३७ होता. या ३७ फाइली ठीक होत्या की नव्हत्या, यावर आयकॅकल्सचे काहीच म्हणणे नव्हते. अहवाल लिहिताना मी ‘३७ फाइली सदोष’ असे लिहून मोकळा झालो होतो, ते खोडावे लागले.

दुसरा गैरसमज अधिक खोल होता. ‘व्हेरिफाय’ या शब्दाने माझी अशी समजूत झाली होती की परवानग्या बरोबर आहेत की नाहीत हे ते पाहते. प्रत्यक्षात ते दोनच गोष्टी पाहते. एक, नोंदी प्रमाण क्रमाने आहेत का. दोन, यादीची नोंदवलेली लांबी आणि तिच्यातील नोंदींची संख्या यांचा मेळ बसतो का. दुसऱ्या गोष्टीचा खुलासा असा की विंडोजमध्ये प्रत्येक यादीच्या माथ्यावर आठ बाइटांचे एक शीर्षक असते, त्यात यादीची आवृत्ती, एकूण लांबी आणि नोंदींची संख्या लिहिलेली असते. लांबीसाठी सोळाच बिट राखलेले असल्यामुळे कोणतीही यादी ६४ किलोबाइटांपलीकडे वाढू शकत नाही. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीलाही तिचा प्रकार आणि तिची लांबी सांगणारे चार बाइट असतात. शीर्षक म्हणते नोंदी बारा, आणि दिलेल्या जागेत बारा मावतच नाहीत, असा प्रकार आढळला तर ती यादी बिघडलेली. प्रोग्रामरांसाठी विंडोजमध्ये ‘इज-व्हॅलिड-एसीएल’ नावाचे एक फंक्शन आहे, तेही याच जातीची तपासणी करते : आवृत्ती ओळखीची आहे का, आणि सांगितलेल्या नोंदी सांगितलेल्या जागेत मावतात का. त्या नोंदींत काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

एखाद्याने उताऱ्यावर भलत्याच माणसाचे नाव शुद्ध अक्षरात, योग्य रकान्यात, फेरफार क्रमांकासह लिहिले, तर तो उतारा नमुन्याबरहुकूम आहे असेच म्हणावे लागेल. ‘व्हेरिफाय’ तेवढेच म्हणते. पगारपत्रकाच्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सर्वांना, पूर्ण ताबा दिला, तरी क्रम ठीक असल्यामुळे तपासणीतून ते फोल्डर स्वच्छ बाहेर पडते. मी एका चाचणी फोल्डरवर हे मुद्दाम करून पाहिले. त्याच फोल्डरवर पॉवरशेल या विंडोजच्याच आज्ञा-भाषेतील एका छोट्या स्क्रिप्टने केवळ क्रम उलटा केला, तेव्हा मात्र लगेच नाव उमटले. तेव्हापासून ‘सर्व्हर तपासला, सगळे ठीक आहे’ हे वाक्य मी तोंडातून काढत नाही; याद्यांची घडण ठीक आहे, एवढेच म्हणतो.

घडण ठीक असूनही उत्तर चुकीचे येण्याची एक जागा सांगतो, कारण ती मला स्वतःला फार उशिरा कळली. एखादी फाइल कोणी खोडू नये म्हणून तुम्ही तिच्यावर खोडण्यास मनाई केली. नोंद योग्य, क्रम योग्य, ‘व्हेरिफाय’ समाधानी. तरीही फाइल खोडली जाऊ शकते. कारण फोल्डरवर ‘आतील घटक खोडणे’ असा एक वेगळा अधिकार असतो, पूर्ण ताब्यात तो समाविष्ट असतो, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याला आतील फाइलीवरची मनाई अडवू शकत नाही. एकट्या फाइलीची यादी कितीही बारकाईने तपासली तरी हे दिसत नाही. वरच्या फोल्डरचीही यादी सोबत वाचावी लागते. नेटवर्कवरून येणाऱ्यांना तर शेअरवरील, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर खुले करताना ठरवलेल्या, परवानग्यांची आणखी एक चौकट पार करावी लागते, आणि दोहोंपैकी जी कडक तीच लागू पडते. आयकॅकल्स शेअरच्या परवानग्यांकडे पाहतच नाही.

मृत खातेदारांचा प्रश्नही तसाच. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते काढून टाकले, तरी त्याच्या नावाच्या नोंदी याद्यांतून जात नाहीत. विंडोज नाव नव्हे, एसआयडी हा क्रमांक साठवते. खाते गेले की क्रमांकाला नाव उरत नाही आणि यादीत एस-१-५-२१ ने सुरू होणारी एक लांबलचक आकड्यांची माळ दिसू लागते. वारस नोंद न झालेल्या उताऱ्यावर आजोबांचे नाव तसेच राहावे, तसे हे. ‘व्हेरिफाय’ त्यावर काही बोलत नाही, आणि त्याच्या व्याख्येनुसार ते बरोबरच आहे. त्यासाठी ‘फाइंड-सिड’ हा वेगळा पर्याय आहे. क्रमांकाच्या आधी तारांकन (*) लावून तो दिला, की त्या क्रमांकाचा उल्लेख असलेल्या फाइलींची नावे मिळतात. हा पर्याय मला मनापासून आवडला. मात्र तो यादीत थेट उल्लेख असलेलीच नावे शोधतो. एखादा माणूस गटामार्फत, किंवा गटातल्या गटामार्फत, कुठे कुठे पोहोचतो हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

दुरुस्तीच्या बाबतीत या साधनाची वृत्ती तपासणाऱ्याची आहे, दुरुस्त करणाऱ्याची नाही. ‘व्हेरिफाय’ सदोष फाइल दाखवते आणि तिथे थांबते. हे मला उणे वाटत नाही. मार्चच्या अनुभवानंतर तर मुळीच नाही, कारण परिणाम न सांगता क्रम लावून देणाऱ्यानेच आमची पंचाईत केली होती. त्याच साधनातील ‘रिसेट’ हा पर्याय मात्र हत्यार आहे. तो फाइलीवरील सर्व थेट नोंदी पुसतो आणि वरच्या फोल्डरकडून येणारा वारसा तेवढा ठेवतो. सदोष याद्यांवर त्याचा इलाज हमखास लागू पडतो, पण सदोष नोंदीबरोबर विचारपूर्वक केलेल्या नोंदीही जातात. म्हणून आधी ‘सेव्ह’ने सर्व याद्या एका फाइलीत जपून ठेवाव्यात, आणि मगच हात लावावा.

‘सेव्ह’ आणि ‘रिस्टोअर’ या जोडीत एक खाच आहे. ‘सेव्ह’ करताना मार्ग सापेक्ष रूपात लिहिले जातात. कर्जप्रकरणांच्या फोल्डरचे नाव देऊन याद्या जपल्या असतील, तर परत बसवताना त्याच फोल्डरचे नाही, त्याच्या वरच्या फोल्डरचे नाव द्यावे लागते. न दिल्यास मार्ग सापडत नाही अशा त्रुटींची रांग लागते, आणि ऐन वेळी माणूस समजतो की बॅकअपच खराब झाला. शिवाय या फाइलीत फक्त परवानग्या आणि मनाया असतात. मालकाचे नाव आणि कोणी काय उघडले याची नोंद ठेवणाऱ्या लेखापरीक्षणाच्या नोंदी त्यात येत नाहीत. पेनड्राइव्हवर नकल करून परवानग्याही सोबत गेल्या असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचा असेल तर त्यावर परवानग्यांची यादी ठेवण्याची सोयच नसते.

मराठी फाइलनावे वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी विशेष. जुन्या कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीत देवनागरी नावे चौकोनांच्या रूपात दिसतात, आणि निष्पत्ती मजकुराच्या फाइलीत वळवली तर त्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. ‘सेव्ह’ने तयार होणारी फाइल मात्र युनिकोडमध्ये असल्यामुळे तिच्यात नावे शाबूत राहतात; सदोष फाइलीचे खरे नाव शोधायला मी तिचाच आधार घेतला. दुसरी गोष्ट मार्गाच्या लांबीची. विंडोजची २६० वर्णांची जुनी मर्यादा अजूनही अनेक ठिकाणी आडवी येते, आणि तिथे अक्षरे नव्हे, संगणकाचे वर्ण मोजले जातात. ‘कर्जप्रकरणे’ हा आपल्याला सहा अक्षरांचा शब्द. संगणक हलंत, मात्रा धरून त्याचे अकरा वर्ण मोजतो. शाखेचे नाव, कर्जाचा प्रकार, कर्जदाराचे संपूर्ण नाव आणि वर्ष अशा चार पातळ्यांची देवनागरी फोल्डरे एकात एक ठेवली, की मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. आमच्याकडे जुने टंकलेखक अजूनही युनिकोडपूर्व फाँटांत मजकूर लिहितात आणि फाइलींना इंग्रजी अक्षरांत नावे देतात. या एका बाबतीत त्यांचे जुनेपण आमच्या पथ्यावर पडले.

तुलनेसाठी लिनक्सचे नाव घ्यावे लागेल. गावातल्याच एका महाविद्यालयाचा लिनक्स सर्व्हरही मी पाहतो. तिथे ‘गेट-एफ-एसीएल’ आणि ‘सेट-एफ-एसीएल’ ही याद्या पाहण्याची आणि बदलण्याची जोडी आहे. ती ज्या मसुद्यावर आधारलेली आहे, तो पॉसिक्स १००३.१ई हा युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणाचा मसुदा मागे घेतला गेला आणि कधीच प्रमाण झाला नाही, तरी व्यवहारात तोच रुळला. त्या पद्धतीत मनाईच्या नोंदीच नाहीत आणि क्रमाने अर्थ बदलत नाही, म्हणून आमच्याकडे झाला तसा घोळ तिथे संभवत नाही. मालक, गट आणि इतर यांची प्रत्येकी एकच नोंद हवी, नावानिशी नोंद असेल तर ‘मास्क’ नावाची नोंद हवीच, एकाच माणसाची दोनदा नोंद नको, अशा अटी आहेत, आणि त्या मोडणारी यादी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दारातच परत पाठवतो. तिथली फसगत वेगळी आहे. मास्क ही परवानग्यांची कमाल मर्यादा. कोणी सवयीने ‘सीएचमॉड’ ही परवानग्या बदलणारी आज्ञा चालवून गटाच्या परवानग्या कमी केल्या, तर प्रत्यक्षात मास्क घटतो आणि नावानिशी दिलेली लिहिण्याची परवानगी यादीत दिसत असूनही चालत नाही. ‘गेट-एफ-एसीएल’ त्या ओळीपुढे प्रत्यक्ष लागू असलेली परवानगी लिहून दाखवते. असे काही आयकॅकल्सने केले असते, तर मी त्याला अर्धा गुण अधिक दिला असता.

विंडोजवर ती उणीव भरून काढायला इतर साधने आहेत. सिक्युरिटी टॅबच्या प्रगत भागात एका माणसाची एका फाइलीवरील प्रत्यक्ष पोहोच पाहता येते. एकेक फाइल पाहायची असेल तर ते पुरेसे आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातील ॲक्सेसचेक हेच काम पूर्ण फोल्डरवर करते, आणि अमुक माणूस कुठे कुठे लिहू शकतो हे विचारायचे असेल तर मी तेच वापरतो. पॉवरशेलमध्ये ‘गेट-एसीएल’ने यादी घेतली की तिच्या नोंदी प्रमाण क्रमात आहेत की नाहीत हे सांगणारा एक गुणधर्म मिळतो, ज्यांना निकाल तक्त्यात हवा त्यांना ही वाट बरी. डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्कचाही उल्लेख करायला हवा. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात सुरक्षा-वर्णनांची (फाइलीचा मालक आणि तिच्या याद्या यांच्या नोंदींची) तपासणी होते, पण ती डिस्कवरील साठवण शाबूत आहे का याची असते. विंडोज २००० पासून एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-साठवण पद्धतीत ही वर्णने प्रत्येक फाइलीत वेगवेगळी न ठेवता ‘सिक्योर’ नावाच्या एका अंतर्गत फाइलीत एकत्र ठेवली जातात. वीज अचानक गेली आणि यूपीएसनेही दगा दिला, की आमच्या भागात हा टप्पा आठवतो. उन्हाळ्यात तर वारंवार. पण नोंदींच्या क्रमाशी त्याचा संबंध नाही.

दीड गुण का कापले, ते आता सांगता येईल. एक गुण गेला तो निकालाच्या कोरडेपणासाठी. यादी क्रमात नाही एवढे कळते. कोणती नोंद कोणत्या जागी चुकली आहे आणि क्रम लावल्यास कोणाचे काय बदलेल, हे कळत नाही. ते शोधायला साध्या आयकॅकल्सने यादी छापून ओळ ओळ वाचावी लागते, कंसातला ‘आय’ म्हणजे वारशाने आलेली, ‘ओआय’ म्हणजे आतील फाइलींना वारशाने जाणारी, ‘सीआय’ म्हणजे आतील फोल्डरांना जाणारी, ‘एफ’ म्हणजे पूर्ण ताबा, ‘एम’ म्हणजे बदल, ‘आरएक्स’ म्हणजे वाचन आणि चालवणे, अशी ही सगळी बाराखडी पाठ असावी लागते. अर्धा गुण गेला तो अयशस्वी आणि सदोष यांतला फरक वापरणाऱ्यावर सोडल्याबद्दल. बाकी साधन खात्रीचे आहे. कॅकल्स नावाच्या जुन्या साधनाच्या जागी ते सर्व्हर २००३ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून आणि व्हिस्टापासून आले. तेव्हापासून त्याचे पर्याय फारसे बदललेले नाहीत, म्हणून एकदा लिहिलेली बॅच फाइल (एकापाठोपाठ चालणाऱ्या आज्ञांची फाइल) वर्षानुवर्षे चालते. लहान संस्थेत सर्व्हर सांभाळणाऱ्याला याहून मोठा दिलासा कोणता?

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, संस्थेचे दार उघडण्याआधी, ही तपासणी आपोआप होते आणि आधी ‘सेव्ह’ केलेली फाइल दुसऱ्या डिस्कवर जाते. गोठवण्याचे ते साधन बंद केले आहे. वर्ष बंद करताना लिहिण्याची परवानगीच काढून घेतो, मनाईची नोंद करत नाही. कोणत्या फोल्डरवर कोणत्या गटाला काय हवे, याचा एक तक्ता व्यवस्थापक साहेबांच्या सहीने करून घेतला आहे, कारण यादी बरोबर आहे की नाही हे ताडून पाहायला समोर काहीतरी लिहिलेले असावे लागते. वसुली विभागातल्या त्या लिपिकाने परवा पुन्हा फोन केला होता. “सर, मेसेज आलाय. ओके करू का नको?” फोटो पाठवायला सांगितला. प्रिंटरमधला कागद संपल्याचा संदेश होता.

त्या ३७ फाइलींपैकी बहुतेक एका निवृत्त अधिकाऱ्याच्या जुन्या प्रोफाइलमधल्या निघाल्या. ‘टेक-ओन’ या आज्ञेने त्यांचे मालकत्व घेता येते, पण मालकत्व घेणे हाही हक्कातला बदलच आहे, म्हणून संचालक मंडळाची लेखी परवानगी मागितली आहे. ठराव पुढच्या मासिक सभेपुढे आहे. तोवर अहवालात त्यांच्यापुढे ‘तपासणी झालेली नाही’ असाच शेरा राहील.